एका अर्जात एकच विषय

मौजे करजपिंपळी हे गाव औशाच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे आहे. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा गाव नव्या जिल्ह्यात आले आणि गावाचे कागद जुन्या जिल्ह्यात राहिले. त्याच वर्षी पावसानेही पाठ फिरवली. गावाने पाण्याच्या टँकरसाठी केलेला अर्ज जुन्या जिल्ह्याकडे गेला की 'सदर गाव आमचे नाही' असा शेरा घेऊन परत येई. नव्या जिल्ह्याकडे गेला की 'सदर गाव आमचे असल्याचा कागद आमच्याकडे नाही' असा शेरा घेऊन परत येई. नव्या कचेरीत खुर्च्या अजून यायच्या होत्या, पण शिक्के सगळे आलेले होते. गावाची तक्रार एवढीच होती, की शेरा पिता येत नाही.

अशा वेळी पाशाभाई मणियाराला पाण्याहूनही एका गोष्टीची जास्त घाई झाली होती. त्याला बिलोलीला जायचे होते.

पाशाभाई म्हणजे गावचा बांगडीवाला. पंचक्रोशीतल्या यच्चयावत बायकांचे हात त्याच्या हातून गेलेले. सरपंचीणबाईचा हात असो की रोजगार हमीवर खडी फोडणारीचा, तो अंगठा मुडपून, पंजा हळूच दाबून, सासरमाहेरच्या गप्पांत गुंतवून कळ न लागू देता बांगडी चढवायचा. नवरात्रात देवीचा पहिला चुडा त्याच्या घरून जाई. मोहरमात पिराची सवारी केरबा उचली, कारण केरबाच्या आजाने तसा नवस बोललेला होता. गावात हे सगळे पिढ्यानपिढ्या चालू होते आणि त्याला कुणी काही नाव दिलेले नव्हते, म्हणून बिनबोभाट चालू होते.

त्याची एकुलती लेक जैतून बिलोलीला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण माहेरच्या रांजणाला तळ दिसत होता. ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या जिवाला न्हाऊ कशाने घालणार? म्हणून पाशाभाई आणि त्याची बायको खैरुनबी, दोघांनीच तिकडे जायचे ठरवले. गाठोडे बांधून झाले. निघताना सरपंचांच्या कानावर घालून जावे, एवढी सभ्यता त्याने दाखवली आणि तिथेच घात झाला.

चावडीवर साहेबराव सरपंच आणि किशनराव पेशकार बसलेले होते. किशनराव निजामाच्या राजवटीत पेशकार, म्हणजे कचेरीतले कारकून, होते. राजवट गेली, नोकरी गेली, हुद्दा तेवढा मागे राहिला. गावातले सारे अर्ज तेच लिहीत. त्यांनी लिहिलेला अर्ज फेटाळतानासुद्धा साहेबाला बरे वाटे, अशी त्यांची ख्याती होती.

"साहेबराव, आपण विषयच चुकून राहिलो," किशनराव सांगत होते. "पाणी हा विषय घेतला की अर्ज खाली जातो. खाली म्हणजे तहसिलात, तिथून तलाठ्याकडं, तलाठ्याकडून परत आपल्याच डोस्क्यावर. आता हे वाचा." त्यांनी पुढ्यातले वर्तमानपत्र चापटी मारून सरळ केले. "नांदेडच्या कुण्या नागरिकानं मंत्रीसाहेबांना हिंदू-मुसलमान ऐक्यावर पत्र लिवलं. आठ दिवसांत खुद्द साहेबांच्या सहीचं उत्तर! वर छापून आलं ते येगळंच. पाण्याचा अर्ज खाली जातो, ऐक्याचं पत्र वर जातं."

"अन् मग पाणी?" साहेबरावांनी विचारले.

"पाणी शेवटच्या ओळीत. उदाहरणादाखल."

पत्र तिथल्या तिथे तयार झाले. किशनरावांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. 'आमचे गावी हिंदू व मुसलमान बांधव पूर्वापार एकाच बारवेचे पाणी पितात. सध्या बारवेत पाणी नाही. त्यामुळे उभय समाजांना एकत्र पिण्यासारखे काही उरले नसून ऐक्यास धोका संभवतो. तरी मेहेरबानांनी निदान ऐक्य टिकण्यापुरते पाणी द्यावे.' ऐकून साहेबरावांचे डोळे पाणावले. गावात त्या महिन्यात दिसलेले ते पहिलेच पाणी.

"पाशा, बरा आलास. मुसलमान बांधवांच्या वतीनं सही ठोक."

"बांधव कोण मालक? घरात मी अन् माझी बायको."

"बायको बांधवांत येत न्हाई," किशनरावांनी खुलासा केला. "तू एकलाच बांधव."

चावडीच्या पायरीशी मघापासून ऐकत उभी असलेली पंचशीला तेवढ्यात पुढे आली. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली ही सून, सातवी पास, नवरा रोजगार हमीवर. कमरेवर रिकामी घागर होती. "पेशकारसाहेब, त्यात आमचं बी लिवा," ती म्हणाली. "आमच्या आडात गाळ सुदिक वाळला. बारवेच्या पायऱ्या आम्हाला उतरू देत न्हाईत. लिंबाखाली हुबं ऱ्हायचं अन् कुणी वरून ओतलं तर पानी. टँकर आलाच तर आमच्या वस्तीवर बी एक डाव थांबू द्या, म्हनावं."

किशनरावांनी पेनाला टोपण लावले. त्यांना राग आलेला नव्हता. ते रागावणाऱ्यांपैकी नव्हते, ते नियम सांगणाऱ्यांपैकी होते. "बाई, एका अर्जात एकच विषय. निजामापासूनचा दंडक हाय. हा अर्ज हिंदू-मुसलमानांचा. त्यात तुमचा विषय कालवला तर साहेबाला कळणारच न्हाई, की नेमकं ऐक्य कुणाचं. तुमचा येगळा अर्ज करू की. योग्य वेळी."

पाशाभाईने हे ऐकले. बाईचे म्हणणे काही खोटे नव्हते, हे त्याच्या मनात आलेही. पण दुपारची एसटी गाठायची होती. त्याने सही केली आणि गाठोड्याला हात घातला.

"कुठं चाललास?" किशनराव दचकून म्हणाले. "उत्तर येईस्तवर थांब. सही करणारा बांधवच गायब झाला तर पत्र खोटं ठरंल ना बाबा."

पाशाभाई थांबला. आठ दिवसांचा तर प्रश्न होता.

उत्तर खरोखरच आले. मंत्रीसाहेबांना गहिवरून आले होते आणि ते नव्या जिल्ह्याला कळवण्यात आले होते. नव्या जिल्ह्यात पाणीटंचाईचा कक्ष उघडायला जागा मिळालेली नव्हती, पण ऐक्याचा कक्ष उघडून झालेला होता. त्या कक्षाचे निरीक्षक शिवमूर्ती साहेब जीप घेऊन करजपिंपळीच्या ऐक्याची पाहणी करायला आले. चावडीवर सतरंजी अंथरली. चहाला दूध होते, पाणी नव्हते. चहा फार चांगला झाला.

"गावात मुसलमान किती?" साहेबांनी वही उघडली.

"एक," साहेबराव म्हणाले.

"एक काय? शेकडा?"

"एक घर, साहेब."

साहेबांचे पेन थबकले. "अन् हिंदू?"

"बाकीचे."

साहेबांनी थोडा विचार करून 'दोन्ही समाज अस्तित्वात' असे लिहिले. "बरं, दंगल कधी झालेली?"

"कुठं?"

"गावात हो."

"कशाची दंगल?" साहेबराव बुचकळ्यात पडले. "आमच्याकडं आजवर असलं काही झालंच न्हाई. तेच तर आम्ही लिवलंय."

शिवमूर्ती साहेबांनी वही मिटली. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ दिसली. "मग अवघड आहे. ऐक्यग्राम म्हणून मंजुरी मिळाली तर रोज टँकर मिळतो, पहिला टँकर खुद्द मंत्रीसाहेब रिता करतात. पण नियम असा, की ऐक्य प्रस्थापित झालेलं पाहिजे. प्रस्थापित व्हायचं तर आधी तणाव लागतो. तुमच्याकडं ऐक्य नुसतंच आहे. नुसत्या ऐक्याला आमच्याकडं तरतूद नाही."

 साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "एखादा छोटासा तणाव बघा जमतो का. मी परत येईन. आणि हो, मंत्रीसाहेबांचा दौरा होईस्तवर दोन्ही समाज गावात हजर पाहिजेत. एखादा समाज गावात आढळून आला नाही, तर ऐक्य संपुष्टात आलं असं समजण्यात येईल."

जीप गेली. धुरळा खाली बसला तेव्हा साऱ्या गावाच्या नजरा पाशाभाईच्या दारातल्या गाठोड्यावर खिळलेल्या होत्या.

त्या दिवसापासून पाशाभाईच्या मानाला पारावार राहिला नाही. ज्यांनी कधी वळून पाहिले नव्हते ते रस्त्यात सलाम घालू लागले. बारवेच्या तळाला जी काय गढूळ घागरभर जमे, तिच्यातला पहिला तांब्या त्याच्या घरी येई. एसटीच्या कंडक्टरला सरपंचांनी बजावून ठेवले, की हा माणूस गाडीत चढला तर घंटी मारायची नाही. केरबाला काठी देऊन दारात बसवले, ऐक्याच्या रक्षणासाठी. केरबा रोज सकाळी येऊन आधी सलाम करी आणि मग वाट अडवून बसे.

"मला एकलीला तरी जाऊ द्या की हो भाऊ," खैरुनबीने पदर पसरला.

यावर चावडीवर गंभीर विचार झाला. किशनरावांनी मुद्दा मांडला, "खैरुनबी गेली तर गावातला निम्मा मुसलमान समाज स्थलांतरित झाला, असं होतं. निम्मा! पेपरात काय छापून येईल? करजपिंपळीत घबराट!" सगळ्यांना पटले. खैरुनबी घरी येऊन चुलीपुढे बसली. "लेकीला कळा सुरू होतील तवा ही मंडळी इथं मला सलाम करत बसतील," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडली. पाशाभाईला तिच्याकडे बघवेना.

इकडे गावाला तणाव काही जमेना. शिवमूर्ती साहेब पुन्हा आले, चावडीवर वही उघडून बसले, तरी तणावाचे कारण ठरलेले नव्हते.

"तू असं म्हण," साहेबरावांनी सुचवले, "की मारोतीच्या भजनाचा तुला तरास होतो."

"भजनात झांज मीच वाजवतो की मालक."

"मग मी म्हणतो, मोहरमच्या नगाऱ्याचा मला तरास होतो."

"ओ सरपंच!" दारातून केरबा काठी आपटत उठला. "नगारा माझ्या बापानं दिलेला हाय. नगाऱ्याचं नाव काढू नका, सांगून ठेवतो." तणाव झाला खरा, पण हिंदू-हिंदूंतला झाला. साहेबांनी तो नोंदवून घेतला नाही.

"जरा लवकर करा," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "मला अजून पुढच्या गावचा तणाव बघायचा आहे."

"काढ रे पाशा, एक कचकचीत शिवी काढ मला," साहेबराव पुढे सरसावले.

"कशी काढू? सकाळीच तुमच्या घरून ताक आलं." पाशाभाईने हात जोडले. "मालक, शिव्याबिव्या राहू द्या. मला बिलोलीला जाऊ द्या. दिवस भरलेत पोरीचे."

"अरे, मंत्रीसाहेबांची तारीख पुढं गेलीय," साहेबराव सहज बोलून गेले. "अन् बाळंतपणाचं एवढं काय? बायका बाळंत होतच असत्यात."

झालं! पाशाभाईने त्यांची कॉलरच धरली. "तुमच्या लेकीच्या वेळी गाडी जुंपून मध्यरात्री औशाला कोण गेलं होतं? मी गेलो होतो!" तो ओरडला. त्याचा आवाज इतका मोठा आहे, हे गावाला तोवर ठाऊक नव्हते. "माझी लेक तिकडं एकली तडफडून राहिली अन् तुम्ही मला इथं दावणीला बांधलं! सलाम घालता? आग लागो तुमच्या सलामाला! आग लागो तुमच्या टँकरला! माणूस हाय का न्हाई मी?" आणि कॉलर तशीच धरून तो ढसाढसा रडू लागला.

 साहेबरावांचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता. साहेबांच्या पेनाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

"तणाव समाधानकारक," साहेबांनी शेवटचा पूर्णविराम दिला. "आता मिटवा."

साहेबरावांनी पाशाभाईला मिठी मारली. ती खरी होती. साहेब म्हणाले, "मिठी जरा लांबवा, सविस्तर लिहायचं आहे."

"आता जाऊ का मी?" मिठीतून पाशाभाईने विचारले.

"आता तर मुळीच न्हाई," किशनराव कळवळून म्हणाले. "तणाव झाला अन् लगेच एक समाज गाव सोडून गेला, तर त्याचा अर्थ काय निघंल? तूच सांग."

पाशाभाई घराकडे वळला आणि केरबा काठी घेऊन मागोमाग निघाला.

पुढे नियमाप्रमाणे शांतता समिती झाली. समितीत दोन्हीकडची माणसे समसमान हवीत. डाव्या रकान्यात हिंदूंची रीघ लागली, उजव्या रकान्यात मुसलमानांचा पाशाभाई एकटा. बायको बांधवांत येत नव्हती. मग केरबाचा विचार झाला. साहेबांनी त्याला विचारले, तू नक्की कोणाचा? केरबा म्हणाला, "मोहरमात पिराचा, बाकी वर्षभर मारोतीचा." साहेबांनी त्याला मोहरमापुरता उजवीकडे आणि उरलेल्या वर्षासाठी डावीकडे लिहिला. पंचशीलाचा नवराही नाव द्यायला आला होता. त्याला कुठल्या रकान्यात लिहावे, हे कुणालाच कळेना. डावीकडे घेतला तर डावीकडचे उठून जायला निघाले, उजवीकडे जागा होती पण तो उजवीकडचा नव्हता. साहेब म्हणाले, "तिसरा रकाना छापलेला नाही." तो खडी फोडायला निघून गेला.

मंत्रीसाहेबांच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी पंचशीला पाशाभाईच्या दारात आली. केरबाने काठी बाजूला घेतली.

"पाशामामू, साखर वाटा," ती म्हणाली. "नात झाली तुम्हाला. जैतून बरी हाय, पोरगी बी बरी हाय."

तिची धाकटी बहीण बिलोलीच्या दवाखान्यात नर्स होती. बहिणीचे पत्र आले होते. जैतूनचे अवघडले होते, पण बहीण रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिली, पहिली अंघोळ तिनेच घातली, आणि 'करजपिंपळीची लेक म्हणजे आपलीच लेक' असे तिने लिहिले होते. खैरुनबीने पंचशीलाचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. 

पाशाभाईने गाठोडे सोडले. त्यातल्या हिरव्यागार बांगड्या निवडून काढल्या. "बस पोरी, हात दे." अंगठा मुडपून, पंजा दाबून त्याने मनगटभर चुडा चढवला. ती कनवटीला हात घालू लागली तसा तो ओरडला, "गप! काय मागायचं ते माग, पण पैशाचं नाव काढू नको."

पंचशीलाने हातातल्या बांगड्यांकडे बघितले. "मग एक मागते मामू. उद्या मंत्री येनार. सारं गाव आता तुमच्या तोंडाकडं बघून राहिलंय. तुमी एकच वाक्य बोला. टँकर आमच्या वस्तीवर बी थांबू द्या, एवढंच."

"बोलतो," पाशाभाई म्हणाला. "खुदाची कसम, बोलतो."

दुसऱ्या दिवशी मांडव पडला. तोरणे लागली. कचेरीहून खुर्च्या आल्या. त्या नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावरचा कागद अजून काढलेला नव्हता. टँकर बारवेच्या काठाला लागला. बायका घागरी घेऊन पायऱ्यांवर बसल्या आणि पंचशीला वस्तीतल्या बायकांना घेऊन लिंबाखाली उभी राहिली. मंत्रीसाहेब, साहेबराव आणि पाशाभाई एकाच तांब्यातून पाणी प्यायले. फोटोवाल्याला नीट मिळाले नाही म्हणून पुन्हा प्यायले.

मग शिवमूर्ती साहेबांनी ठराव वाचला. "टँकर बारवेत रिता करण्यात यावा व पाणी प्रचलित पद्धतीप्रमाणे घेण्यात यावे. उभय समाजांपैकी कोणाची हरकत असल्यास आताच सांगावी."

पाशाभाई उठला. लिंबाखाली हिरव्या बांगड्या चमकलेल्या त्याला दिसल्या. त्याने घसा खाकरला.

"पाशा," शेजारून साहेबराव ओठ न हलवता पुटपुटले, "संध्याकाळची गाडी हाय. कंडक्टरला सांगितलंय मी, पुढची जागा धरलीय तुमच्यासाठी. नातीला बघ जा. पन आता एक शब्द जास्तीचा बोललास तर ठराव परत, मंत्री परत, टँकर परत. मग बस इथं अजून चार महिने."

"अन् एका ठरावात एकच विषय," मागून किशनरावांनी आठवण दिली.

पाशाभाईने तोंड उघडले. वाक्य तयार होते, रात्रभर घोकलेले होते. त्याला खैरुनबी दिसली. ती गाठोडे मांडीवर घेऊन अगदी कडेला, रस्त्याच्या बाजूला बसली होती.

"हरकत न्हाई," पाशाभाई म्हणाला.

"हरकत न्हाई," त्याच क्षणी साहेबरावही म्हणाले.

दोघांचे शब्द एकाच वेळी पडले, एका गळ्यातून निघाल्यासारखे. मंत्रीसाहेब हेलावले. "हिंदू आणि मुसलमान इतक्या एका आवाजात बोललेले मी महाराष्ट्रभर फिरलो तरी ऐकले नाहीत," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी वहीत 'पूर्ण एकमत' असे लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

टँकर बारवेत रिता झाला. पाणी प्रचलित पद्धतीप्रमाणे घेण्यात आले. सगळ्यांच्या घागरी भरून झाल्यावर केरबाच्या बायकोला लिंबाकडे बघायची फुरसत झाली. भांड्याला भांडे लागू नये म्हणून तिने हात उंच करून ओतले. निम्मे पाणी घागरीत पडले, निम्मे पंचशीलाच्या बांगड्यांवरून मातीत गेले.

संध्याकाळी एसटीकडे जाताना पाशाभाईची आणि तिची गाठ पडलीच. वाट तिथूनच होती. तो उभा राहिला. शरमेने मान वर होईना.

"जावा मामू," पंचशीला म्हणाली. "गाडी चुकंल. माझ्या बहिणीला सांगा, बांगड्या लई बेस हायेत म्हनून."

तिने शिवी दिली असती तर त्याला बरे वाटले असते.

पंचशीला तशी हुशार. किशनरावांनी चावडीवर सांगितलेले तिने नीट ध्यानात ठेवले होते, की पाण्याचा अर्ज खाली जातो आणि ऐक्याचे पत्र वर जाते. तिने पाण्याचा अर्ज केला नाही. एका कार्डावर तिने मंत्रीसाहेबांना ऐक्याचे पत्र लिहिले.

'साहेबांस जयभीम. आमच्या करजपिंपळीत हिंदू-मुसलमान ऐक्य आहे का नाही, याची कुणी शंका घेऊ नये. ते पूर्ण आहे. आम्ही वस्तीवरचे लोक याला साक्षीदार आहोत, कारण आम्ही ते बाजूला उभे राहून रोज बघतो. आम्हाला पाणी वरून ओतावे, या बाबतीत दोघांचे कधीच दुमत झाले नाही.'

कार्ड वर गेले. किशनरावांचा नियम खरा होता. ऐक्य कक्षाने त्यावर 'अनुकूल अभिप्राय' असा शिक्का मारला आणि जिल्ह्याने ऐक्यावर जी गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली तिच्या पहिल्याच पानावर, तांब्याच्या फोटोखाली, ते छापले. शेवटचे वाक्य जागेअभावी गाळले. पंचशीलाला खुद्द मंत्रीसाहेबांच्या सहीचे उत्तर आले. आपल्यासारखे जागरूक नागरिक हीच देशाची ताकद आहे, असे त्यात होते. तिने ते घागरीच्या चुंबळीत घडी करून घातले. कागद जाड होता, चुंबळ बरी बसली.

टँकर पावसाळ्यापर्यंत रोज येत होता. ही गोष्ट मी औशाच्या बाजारात सांगितली, लग्नाच्या मांडवात सांगितली, एकदा चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या सभेतही सांगितली. लोक हसतात, हळहळतात आणि शेवटी न चुकता विचारतात, पाशाभाईला गाडी मिळाली ना? नात कशी आहे?

तुम्हीही मघापासून तेच बघत होता. मिळाली हो, गाडी मिळाली. पुढची जागा मिळाली. नात गोरीपान आहे, नाक आजोबाचे घेतले आहे. आता तो टँकर पुढे कधी वस्तीवर थांबला का, हे मात्र मला अजून कुणी विचारलेले नाही आणि मीही आपणहून सांगत नाही. तुमचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. एका गोष्टीत एकच विषय असावा.